नाव, क्रमांक आणि पत्ता सांगणारा

१.
धाराशिवच्या कोणत्याही चौकात उभे राहा, समोरून जाणाऱ्या गाड्यांवर ‘एमएच २५’ ही अक्षरे दिसत राहतील. २०२३ च्या फेब्रुवारीत शहराचे आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. वाहनांचा क्रमांक मात्र तोच राहिला. शहराचा ४१३५०१ हा पिनकोड आणि दूरध्वनीचा ०२४७२ हा संकेतांकही बदलला नाही. नाव आणि क्रमांक यांच्या या नात्याविषयी आजचा धागा आहे. विषय वरकरणी इतिहासाबाहेरचा वाटेल : गेमिंग कन्सोलवर येणारे अपडेट डीएनएस बदलून कसे अडवतात आणि कोणी ते का अडवावे?

२.
आधी आपल्या नोंदवहीकडे पाहू. धाराशिव हे जुने नाव. मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव आले. १९४८ मध्ये निजामाचे संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला. एवढ्या उलथापालथीत शहराजवळची धाराशिव लेणी जागची हलली नाहीत. बदलत राहिली ती दप्तरातली नोंद. कोणत्या नावाने कोणते ठिकाण ओळखायचे, हे ज्याच्या हाती दप्तर तो ठरवतो.

३.
इंटरनेटचेही असेच एक दप्तर आहे. जाळ्यावरील यंत्रे एकमेकांना क्रमांकाने ओळखतात आणि माणसांना नावे लक्षात राहतात. अर्पानेटच्या काळात यंत्रे मोजकी होती, म्हणून सर्व नावे व क्रमांक एकाच यादीत मावत. ‘होस्ट्स.टीएक्सटी’ नावाची ही यादी कॅलिफोर्नियातील एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई. प्रत्येक ठिकाणचे लोक तिची प्रत उतरवून घेत. गावातल्या एकाच पाटलाकडे साऱ्या शिवाराची नोंद असावी, तशी ही व्यवस्था होती.

४.
यंत्रे वाढली तशी ती यादी सांभाळणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली : सगळी नावे एकाने सांभाळायची नाहीत, प्रत्येकाने आपापल्या हद्दीची नोंद ठेवायची आणि ठाऊक नसलेल्या नावासाठी पुढच्याकडे बोट दाखवायचे. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. २०१४ मध्ये या रचनेत ‘.भारत’ हे देवनागरी शेपूट आले आणि संकेतस्थळाचे संपूर्ण नाव मराठीत लिहिणे शक्य झाले.

५.
कन्सोल सुरू झाला की तो अपडेटच्या सर्व्हरचे नाव घेऊन एक प्रश्न विचारतो : ‘याचा क्रमांक काय?’ उत्तर देणारा सहसा आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा डीएनएस सर्व्हर असतो. परंतु सेटिंगमध्ये ‘मॅन्युअल’ हा पर्याय निवडून तेथे दुसऱ्या उत्तरदात्याचा क्रमांक लिहिता येतो. २००९ मध्ये गुगलने ८.८.८.८ आणि २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने १.१.१.१ हे सर्वांसाठी खुले उत्तरदाते सुरू केले, तेव्हापासून ही सोय अनेकांच्या परिचयाची झाली. पत्ता कोणाला विचारायचा, हे अशा रीतीने वापरणाऱ्याच्या हाती येते.

६.
अडवण्याची युक्ती एवढीच आहे. आपण निवडलेला उत्तरदाता बाकी सर्व नावांचे खरे क्रमांक सांगतो. अपडेटच्या सर्व्हरचे नाव विचारले की मात्र ‘असे नाव नाही’ म्हणतो, किंवा ०.०.०.० हा कोठेच न नेणारा क्रमांक देतो. निजामी राज्यात जकातीला करोडगिरी म्हणत. ब्रिटिश हद्दीतल्या बार्शीकडून येणारी मालाची गाडी करोडगिरी नाक्यावर थांबे. डीएनएस हा असा नाका नव्हे. तो वाटेत कोणाला अडवत नाही. गाडीवानाला गावाची वाटच कोणी सांगितली नाही, तर गाडी निघणारच नाही. तसे येथे घडते.

७.
पण अपडेट नाकारायचे कशाला? याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१० चे आहे. प्लेस्टेशन ३ मध्ये आरंभी लिनक्ससारखी दुसरी प्रणाली बसवण्याची सोय होती. तिचा लाभ घेऊन अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सुमारे १,७०० प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभारला. मात्र १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ या अपडेटने ती सोय काढून घेतली. सोनीने सुरक्षिततेचे कारण दिले. अपडेट घेणे ऐच्छिक होते, पण न घेणाऱ्याला ऑनलाइन खेळ बंद. पुढे अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला आणि तो तडजोडीने मिटला. विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग विक्रीनंतरही परत नेता येतो, हे तेव्हा जगाला कळले.

८.
माझा या विषयाशी संबंध आला तो भाच्यामुळे. त्याच्याकडे सोलापुरातून आणलेला एक जुना कन्सोल आहे. त्यावर त्याने स्वतः लिहिलेला एक लहानसा खेळ चालतो : नळदुर्गचा किल्ला, बोरी नदी, पाणीमहाल आणि नऊ पाकळ्यांचा नवबुरूज. शनिवार-रविवारी किल्ल्यात जाऊन, पावलांनी अंतरे मोजून त्याने तो नकाशा बेतला आहे. असा घरचा खेळ जुन्या प्रणालीवरच चालतो, नवी प्रणाली त्याला दार उघडत नाही. “मामा, ह्यानं एकदा अपडेट घेतलं की माझा किल्ला गेला बघा,” असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या दृष्टीने हा तांत्रिक प्रश्न नव्हताच. वर्षभराच्या कष्टांचा तो प्रश्न होता.

९.
आम्ही घरातल्या एका जुन्या संगणकाला पत्ता सांगण्याचे काम दिले. अपडेटच्या सर्व्हरची नावे त्याच्या यादीत लिहून त्यांच्यापुढे ०.०.०.० मांडले आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये त्या संगणकाचा क्रमांक भरला. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन्ही रकान्यांत आपलाच क्रमांक हवा, एरवी यंत्र दुसऱ्याला विचारून मोकळे होते. शिवाय काही कन्सोलांच्या खेळाच्या डिस्कमध्येच अपडेट भरलेले असते. ते जाळ्यावरून येतच नसल्यामुळे डीएनएसला त्याचा पत्ताही लागत नाही.

१०.
हीच युक्ती बंद पडलेले दार उघडण्यासाठीही वापरली गेली आहे. निन्टेन्डोने २० मे २०१४ रोजी डीएस आणि वी या कन्सोलांची ऑनलाइन खेळांची सेवा थांबवली. यंत्रे धडधाकट होती, खेळणारे होते. पण विचारलेल्या नावापाशी उत्तर देणारे कोणी उरले नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी स्वतःचे सर्व्हर उभारले. डीएसच्या खेळाडूला बहुधा डीएनएसचा क्रमांक तेवढा बदलावा लागे. जुने नाव नव्या घराकडे वळवले गेले आणि खेळ पुन्हा सुरू झाले.

११.
याची काळी बाजू सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील सुमारे ४० लाख संगणकांचा उत्तरदाता गुपचूप बदलला होता. लोक योग्य नाव लिहीत आणि भलत्याच ठिकाणी पोहोचत. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने या टोळीवर कारवाई केली. टोळीचे सर्व्हर तत्काळ बंद केले असते, तर लाखो लोकांचे इंटरनेट एका क्षणात थांबले असते. म्हणून त्यांच्या जागी खरी उत्तरे देणारे सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. कोणीतरी सांगितलेला अनोळखी डीएनएस क्रमांक डोळे मिटून भरणाऱ्याने हे प्रकरण आठवावे. अपडेट अडवणारा उत्तरदाता तुमचा बँकेचा पत्ताही चुकीचा सांगू शकतो.

१२.
या उपायाला मर्यादाही आहेत. यंत्रात क्रमांक आधीच लिहून ठेवलेला असेल, किंवा ते आपला प्रश्न सांकेतिक रूपात थेट ठरावीक उत्तरदात्याकडे पाठवत असेल, तर घरचा उत्तरदाता निरुपयोगी ठरतो. ऑनलाइन खेळ बहुधा नव्या प्रणालीशिवाय चालत नाहीत. आणि अपडेट म्हणजे केवळ कंपनीची मनमानी नव्हे, सुरक्षेतील भगदाडे त्यातूनच बुजतात. म्हणून ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात, त्याचे अपडेट रोखणे हा अविचार होय. भाच्याचा कन्सोल या कामांपासून दूर आहे. त्यावर किल्ल्याखेरीज जपण्यासारखे काहीच नाही, म्हणूनच तेथे नकार शोभतो.

१३.
इतिहासाच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसेल. दप्तर सांभाळणाऱ्याची सत्ता तलवारीसारखी डोळ्यांत भरत नाही. तो जागा बळकावत नाही, फक्त तिच्याकडे जाणारे नाव आपल्या हाती ठेवतो. मॉकापेट्रिस यांच्या रचनेचे मोठेपण असे, की पत्ता कोणाला विचारायचा याची निवड तिने शेवटच्या माणसालाही ठेवली. कन्सोलमधले ते दोन रिकामे रकाने म्हणजे त्या निवडीची उरलेली जागा. नवी यंत्रे ते रकाने हळूहळू झाकू लागली, तर आपण काय गमावतो आहोत हे आपल्याला निदान ठाऊक असावे.

१४.
भाच्याच्या खेळात सध्या नवबुरुजापर्यंतच जाता येते, पाणीमहालाच्या पायऱ्या अजून बांधायच्या आहेत. तुमच्यापैकी कोणाकडे नळदुर्गची जुनी छायाचित्रे असतील तर येथे जोडावीत, त्याच्या उपयोगी पडतील. पुढचा धागा करोडगिरी नाक्यांविषयी.