जहांगीरमधून गेलेलं

चित्रकार आणि गॅलरी यांचं नातं मुंबईत सुरू झालं ते फ्रेमच्या दुकानात. जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली १९५२ साली. त्याआधी, १९४१ मध्ये, केकू गांधींनी केमोल्ड फ्रेम्स काढलं होतं. फ्रेम दाखवायची तर आत चित्र हवं, म्हणून आरा, हुसेन, हेब्बर यांची चित्रं दुकानाच्या काचेत लागली. फ्रेम बघायला थांबलेल्या माणसाची नजर चित्रावर पडायची. ती काच गेली.

पहिल्या मजल्यावरची केमोल्ड. १९६३ पासून केकू आणि खोर्शेद गांधींची ही गॅलरी जहांगीरच्याच इमारतीत होती. जागा बेताची, पण सबुरी मोठी. खप बघून चित्रकार बदलायचा, असं तिथे नव्हतं. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणाऱ्या प्रभाकर बरव्यांची ती रिकामी, शांत, एनॅमल रंगातली चित्रं तिथे लागली. अशा चित्रांना वेळ द्यावा लागतो, आणि तो आधी गॅलरीनं द्यावा लागतो. २००७ मध्ये केमोल्ड फोर्टात, प्रेस्कॉट रोडवर, मोठ्या जागेत गेली. चित्रांना ऐसपैस भिंती मिळाल्या हे चांगलंच झालं. खालचं प्रदर्शन बघून सहज जिना चढणारा माणूस मात्र तुटला.

समोवार, १९६४ ते २०१५. जहांगीरमधलंच उषा खन्नांचं उपाहारगृह: चिंचोळा व्हरांडा, शेजारी म्युझियमची बाग. प्रदर्शनाच्या काळात आठवडाभर स्वतःच्या चित्रांपाशी बसून राहणं किती अवघड असतं, ते चित्रकारच जाणे. मधे उठून जायला ही जागा होती. एकही चित्र न विकलेला आणि सगळी विकलेला, दोघे एकाच टेबलावर पराठा खात.

पोस्टानं येणारं निमंत्रण. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला हातानं लिहिलेला पत्ता. प्रदर्शनाला येऊ न शकणाऱ्यांच्या घरी तेवढंच चित्र पोचायचं, आणि कपाटाच्या दारावर वर्षानुवर्षं राहायचं.

ट्रान्सपरन्सी, म्हणजे चित्रांची पारदर्शक फिल्मवरची छायाचित्रं, त्याही गेल्या.

आणि वर्तमानपत्रातलं परीक्षण. ज्ञानेश्वर नाडकर्णींसारखा समीक्षक दालनात येई, बघे, लिही. मजकूर प्रदर्शन चालू असताना छापून आला, तर वाचून लोक येत. परीक्षण कडक असलं तरी चित्रकार कात्रण जपून ठेवी, कारण कुणीतरी नीट पाहिल्याचा तो पुरावा होता. सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच. आज प्रदर्शनाची बातमी येते, उद्घाटकाचं नाव येतं; चित्रात काय होतं ते येत नाही. मग पुढे कुणाला या दालनाचा इतिहास लिहायचा झाला, तर तो कशावरून लिहायचा?