पीरू म्हणजे पेरू नव्हे

नेपियर टाउन, जबलपूर
22 डिसेंबर 1998

प्रिय शैला,

पोचलो. गाडी साडेचार तास उशिरा. इटारसीला चहा मिळाला, तो चहा नव्हता. करेलीला मात्र खिडकीतून गुळाची ढेप घेतली, तीन किलोची. इथला गूळ आपल्याकडच्यापेक्षा काळा, पण वासाला खमंग. आईला सांग, संक्रांतीचा गूळ झाला, दुसरा आणू नका.

थंडी काय सांगू! रात्री दोन रजया घेऊनही पाय बर्फ. तू पिशवीतून ऐनवेळी काढून ठेवलेला तो मफलर मला इथे रोज आठवतो, आणि तूही, मफलरमुळे. सकाळी बंबातलं पाणी बादलीत ओतेपर्यंत निम्मं निवतं.

आत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, तोंड पूर्ववत. कांद्यांचं फार कौतुक झालं. ज्या कांद्यानं गेल्या महिन्यात दिल्लीचं सरकार घालवलं, तो पाच किलो नाशिकहून भाच्यानं डोक्यावरून आणला म्हणून आत्यानं गल्लीभर सांगितलं. भूकंपाची भेग पाहिली. गेल्या वर्षीच्या 22 मेची. बैठकीच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत गेली आहे, माझं बोट आत जातं. कागदांसाठी आज कचेरीत गेलो. कोणती ते लिहीत नाही, तुला ठाऊकच आहे. तिथल्या गृहस्थांनी अर्ज हातात घेतला, वाचला नाही, फक्त डावी बाजू पाहिली. ‘हाशिया?’ म्हणाले. समास एक इंच हवा होता, माझा पाऊण इंच निघाला. अर्ज परत. मी एकतीस वर्षं बँकेत लोकांचे अर्ज परत केले, पण पट्टी लावून कधी केले नाहीत.

आता खरी गंमत. आत्याला टर्की हवी आहे. हो, तो मोठा पक्षी. दोन वर्षांपूर्वी ती अमेरिकेला माईकडे गेली होती ना, केंटकीतल्या लुईव्हिलला, तेव्हा माईनं तिला तिथल्या ब्राउन हॉटेलात नेलं. त्या हॉटेलाचं एक खास सँडविच आहे. 1926 साली तिथल्या श्मिट नावाच्या आचाऱ्यानं काढलं. रात्री नाच आटोपून लोक भुकेले यायचे, त्यांना त्याच त्या अंड्यांचा कंटाळा आला होता. मग यानं टोस्टवर टर्कीचे काप ठेवले, वर चीजचा गरम सॉस ओतला, ते भट्टीखाली तांबूस होऊ दिलं आणि वर डुकराच्या मांसाच्या दोन कुरकुरीत पट्ट्या, फुलीसारख्या. वरून ब्रेड नाहीच. काट्यानं खायचं. आत्यानं अख्खं खाल्लं, माईला चव पाहायलासुद्धा दिलं नाही म्हणे. आणि आता नाताळात घरी करायचं ठरवलंय. हात तिचा मोडलाय, म्हणजे करायचं कोणी ते तू ओळखलंसच.

दुपारी सदर बाजारात हिंडलो. टर्कीला इकडे पीरू म्हणतात. आणि आपल्या पेरूला? बिही! आत्यानं सकाळी ‘बाळ्या, पीरू बघून ये’ म्हटल्यावर मी दोन किलो पेरू घेऊन आलो होतो, तेव्हा हे ज्ञान झालं. पेरू उत्तम आहेत, सहा रुपये किलो. पीरू मात्र छावणीत ज्यांच्याकडे होते त्यांचे सगळे 24 तारखेसाठी बोलून ठेवलेले.

बंटीची सहामाही कशी गेली ते लिही. सिलिंडरचा नंबर लावलास का?

तुझा,
वसंत


24 डिसेंबर, रात्री

प्रिय शैला,

काल रात्री 11 नंतर दर उतरले की फोन करावा म्हणून बूथवर गेलो, रांगेत सात जण. थंडीत कुडकुडत उभा राहिलो आणि लागला तर तुझा फोन उचलला आईनं, नि तीन मिनिटं गुडघ्याचं सांगितलं. म्हणून पुन्हा पत्र.

दिवसभर मटार सोलतो आहे. पाटण-शहापुऱ्याकडचा मटार पोत्यापोत्यांनी येतो, आणि या घरात माणूस रिकामा दिसला की पुढ्यात परात येते. दाणा इतका गोड की सोलता सोलता निम्मे माझ्याच पोटात. काल करंज्या झाल्या, आज उसळ, उद्या पुन्हा करंज्या.

आज कोंबडीवर तालीम केली. माजघरात मांस शिजत नाही, आत्याच्या सासूबाईंचा नियम. सासूबाई जाऊन पंचवीस वर्षं झाली, नियम आहे. म्हणून मागच्या पडवीत सिगडी. कोंबडी मिरे, तमालपत्र घालून उकडली, गार केली, पातळ काप केले. इथवर ठीक.

मग सॉस. आत्या इथल्या होम सायन्स कॉलेजात शिकवायची हे मी विसरलो होतो. ती विसरलेली नाही. पाटावर बसून, प्लास्टरचा हात छातीशी धरून तिनं माझा तासच घेतला. एक कप दुधाला एक चमचा मैदा तर सॉस पातळ, दोन तर मध्यम, तीन तर घट्ट, लोणी मैद्याइतकंच. आपल्याला दोन. चमचा म्हणजे पोह्याचा मोठा, ‘तुझ्या चहातला नाही’. लोण्यात मैदा परतायचा, कच्चट वास जाईपर्यंत, पण रंग बदलता कामा नये. हे मी लिहून घेऊ लागलो तर हाताशी कागद एकच, कचेरीतून परत आलेला अर्ज. त्याच्या पाठीमागे लिहिलं.

मी मैदा परतला. छान वास सुटला. मग दूध घातलं, उकळतं, सगळं एकदम. शैला, पातेल्यात मोदकाची उकड झाली. चमचा उभा राहिला. ‘गुठळ्या करून राहिला ना रे,’ आत्या शांतपणे म्हणाली. माझ्याच वयाच्या किती मुलींना तिनं असं म्हटलं असेल! म्हणजे तेव्हाच्या. दूध गार पाहिजे आणि थोडं थोडं. साय काढलेलं. पहिलं पळीभर दूध मैद्यानं पूर्ण प्यायलं की दुसरं. दुसऱ्या खेपेला मी एका हातानं ओतत, दुसऱ्यानं घोटत, कपाळाचा घाम खांद्यानं पुशीत पाच मिनिटं ढवळलं आणि अचानक ते पळीच्या पाठीवर रेशमासारखं चिकटू लागलं. बोटानं रेघ ओढली, रेघ तशीच राहिली. मला एवढा आनंद बँकेत प्रमोशन मिळालं तेव्हाही झाला नव्हता, हे तुझ्या भावाला सांगू नकोस.

चीज अमूलचं, डब्यातलं, किसून. ते आचेवरून उतरवल्यावरच घालायचं. उकळलं की चीज ताठरतं, तूप एकीकडे आणि चोथा एकीकडे. डब्यातलं चीज त्यातल्या त्यात समजूतदार, लवकर फाटत नाही, असं आत्याचं मत. वर चिमूटभर जायफळ. श्रीखंडातलं जायफळ तिखटमिठाच्या पदार्थात पाहून मी दचकलो, पण शोभलं.

भट्टी म्हणजे आत्याचा तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन, झाकणाला काच असलेला. त्याची तार झाकणात असते, म्हणजे वरून ऊब. या कामाला तेच पाहिजे. दहा मिनिटं आम्ही दोघं काचेला डोकी लावून बसलो होतो. आधी कडेला बुडबुडे, मग मधे एक तपकिरी डाग, मग तीन. तेवढ्यात वीज गेली.

गारगार खाल्लं. बरं होतं. आत्या म्हणाली, कोंबडी ती कोंबडीच.

वसंत


28 डिसेंबर

प्रिय शैला,

तुझं पत्र आज मिळालं. दही लागत नाही तर विरजण शेजारून आण, त्यात माझा काय दोष?

इथलं बघायचं ते बघितलं. भेडाघाटला जाऊन आलो, संगमरवर पांढरा आहे, माकडं फार. भंवरतालच्या बागेत बकुळीचं झाड आहे, 1953 साली रजनीशांना त्याखाली ज्ञान झालं म्हणतात. मला त्याखाली सर्दी झाली. बडकुलांची खोव्याची जलेबी मात्र तुझ्यासाठी आणायचा विचार होता. काळीसावळी, जाड, गुलाबजामाची मावसबहीण. पण ती गरमच खायची असते, म्हणून तुझ्या वाटणीची मीच खाल्ली.

आता ऐक. 25 तारखेला रात्री साडेनऊला फाटक वाजलं. आत्याबरोबर कॉलेजात असणाऱ्या एक बाई, अँग्लो-इंडियन, पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांच्याकडे भाचे-पुतणे जमले होते. हातात फडक्यानं बांधलेला डबा. ‘मिसेस, यू वॉन्टेड पीरू?’ आत टर्कीचे काप, बोटभर जाडीचे, उरलेले. आत्यानं त्यांना सोडलंच नाही. रात्री दहाला मी पुन्हा सिगडी पेटवली. एक गुठळी नाही, शैला. एकही नाही.

टर्की जरा कोरडी असते, कोंबडीपेक्षा चोथट. चीजचा सॉस तिच्यावर का घालतात ते तोंडात घातल्यावर कळलं. ब्रेड आधी दोन्ही बाजूंनी कडक भाजला होता म्हणून सॉसखालीही भिजला नाही. टोमॅटोच्या चकत्या बाजूला. त्या पट्ट्यांचा प्रश्न होता. डुकराचं मांस पडवीतसुद्धा येणार नाही, पण फुली तर मारलीच पाहिजे. आत्यानं पोह्याच्या पापडाच्या दोन पट्ट्या तळायला लावल्या आणि डाव्या हातानं स्वतः एकावर एक ठेवल्या. बाई हसून हसून बेजार. मग सगळं संपवलं.

आत्यानं अर्धंच खाल्लं. मी विचारलं, तिकडच्यासारखं झालंय का? ती म्हणाली, ‘तिकडे गर्दी फार होती. माई सारखी घड्याळ पाहत होती, तिला ड्यूटी होती.’ एवढंच. उरलेलं अर्धं झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खाल्लं, गार.

आज पुन्हा कचेरी. नवा अर्ज, समास सव्वा इंच. त्यांनी जुनाही मागितला, तो जोडला. त्यांनी उलटला आणि मोठ्यानं वाचू लागले, ‘मैदा दो चमचे, दूध गार...’ सबंध वाचलं, जायफळापर्यंत. मला वाटलं आता तरी हसतील. ‘इसकी नक़ल अलग से टाइप कराइए. सोमवार,’ म्हणाले. मैद्याची की अर्जाची, ते मी विचारलं नाही.

म्हणजे आणखी आठवडा. तोवर एक कर. लग्नात तुझ्या मामांनी दिलेला तसाच गोल ओव्हन माळ्यावर असेल, ट्रंकेच्या मागे. काढून तार तपासून घे. भंगारात दिला असशील तर पत्रात लिहू नकोस, मी आल्यावर सांग.

वसंत