पिक्चर, आडनाव आणि अकरा महिने



आमच्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग चालतो. त्याला येणारा एक मुलगा मगरपट्ट्याच्या सीझन्स मॉलमध्ये चपलांच्या दुकानात कामाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ थिएटरला पुन्हा लागला तेव्हा त्याने मला तिकडे पाहिलं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही भुताचे पिक्चर बघता? ते पण वाड्यातल्या भुताचे?" पोरं हसली, मीही हसले. पण त्याच्या विचारण्यात गंमत कमी आणि हिरमोड जास्त होता. ताईने ‘आपले’ पिक्चर बघावेत, अशी त्याची समजूत. ती समजूत आपल्यातल्या बऱ्याच जणांची आहे, म्हणून हा लेख.

‘आपला’ पिक्चर आला की आपण व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरवतो, पहिला शो हाऊसफुल्ल करा म्हणतो. मीही फिरवते. पण असे पिक्चर वर्षाला एक किंवा दोन येतात. उरलेलं वर्षभर वस्तीतली माणसं काय बघतात? ‘पुष्पा’ बघतात, मोबाईलवर साऊथचे डब केलेले मारामारीचे बघतात, टीव्हीवर शंभरदा लागलेले मराठी विनोदी बघतात. त्याबद्दल आपण काहीच बोलत नाही. जे आपली माणसं रोज बघतात त्यावर गप्प आणि जे वर्षातून एकदा येतं त्यावर पानंच्या पानं, याला मी सांस्कृतिक काम म्हणणार नाही.

मी समीक्षक नाही. कॅमेरा कुठे ठेवला, लाईट कसा मारला, यातलं मला कळत नाही. समाजशास्त्रात एम.ए. केल्यामुळे एक खोड मात्र लागली आहे. पात्रांची आडनावं मोजायची. कोणाचं आडनाव सांगितलं, कोणाला नुसतं पहिल्या नावाने हाक मारली, कोणाला नावच नाही. पडद्यावरचा विनोद असो, भूत असो, आडनावाच्या बाहेर कोणी नसतो.

आधी ‘तुंबाड’च घेऊ. राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा पिक्चर. १९१८ पासून १९४७ पर्यंतची गोष्ट, कोकणातला वाडा आणि त्या वाड्याच्या पोटात सोनं राखणारा हस्तर. सगळे म्हणतात पिक्चर लोभावर आहे. असेलही. मला त्यात भीती वाटली ती वेगळ्याच जागी. विनायक आपल्या पोराला दोरावरून खाली उतरायची, मोहरा काढायची, वेळेत वर यायची तालीम देतो, तिथे. बाप पोराला नुसतं सोनं देत नाही, सोनं काढायची कला देतो. वर्गात ‘सांस्कृतिक भांडवल’ हा शब्द आम्हाला दोन तास शिकवला होता, तेव्हा डोक्यात शिरला नव्हता. या एका प्रसंगात शिरला. आपल्या आजोबांनी वडिलांना काय दिलं, वडिलांनी आपल्याला काय दिलं, हे त्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "कर्ज." म्हटलं, आता बघ तो पिक्चर.

पण ज्या पिक्चरबद्दल मला खरं लिहायचं आहे तो भुताचाही नाही आणि आपलाही नाही. तो आहे ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगावकरांचा, १९८८ चा. मराठी घरात ज्याने तो बघितला नाही असा माणूस मला भेटायचा आहे. गोष्ट काय? पुण्यात चार पोरांना भाड्याने खोली मिळत नाही. घरमालकीण लीलाबाई काळभोर म्हणते, जागा जोडप्यांनाच देणार. (लोणी काळभोर आमच्या हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावर. त्यामुळे लीलाबाई आम्हाला शेजारच्याच वाटतात.) मग दोघं नवरे होतात, दोघं साड्या नेसून त्यांच्या बायका. पुढचे दोन-अडीच तास आपण पोट धरून हसतो. मीही लहानपणापासून हसत आले.

एम.ए. झाल्यावर मला एका संस्थेत नोकरी लागली. रामटेकडीच्या आमच्या घरात आम्ही सहा जण होतो. रात्री अहवाल लिहायला बसले तर दिव्याने सगळ्यांची झोप मोडायची. म्हणून ससाणेनगरच्या बाजूला वन रूम किचन बघायला सुरुवात केली. पहिल्या तीन ठिकाणी सगळं ठरायचं आणि ‘राहायला कुठे?’ या प्रश्नाला रामटेकडी म्हटलं की संध्याकाळी फोन यायचा, जागा दुसऱ्याला दिली. चौथ्या ठिकाणी मी माहेर सांगताना जिल्ह्याचं नाव सांगितलं. माझं आडनाव चार-पाच जातींत सापडतं. मालक म्हणाले, "म्हणजे आपल्यातलेच."

मी काहीही बोलले नाही. नुसती हसले. त्या हसण्यावर मला अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट मिळालं.

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मी कपाटाच्या आत लावला. दार उघडलं की वंदना करायची, दार लावलं की घर कोणाचंही. १४ एप्रिलला पांढरी साडी पिशवीत घालून निघाले आणि आईकडे जाऊन बदलली. अभ्यासवर्गात त्याच काळात मी पोरांना बावीस प्रतिज्ञा समजावून सांगत होते, हेही लिहून ठेवते. एकदा आई राहायला आली. तिला गॅलरीत फोन आला आणि तिने सवयीने खणखणीत "जय भीम" घातला. मी धावत गेले आणि तिचा हात धरून तिला आत ओढलं. ती काही बोलली नाही. दुपारी टीव्हीवर ‘बनवाबनवी’ लागला होता. लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरत होता, आई हसत होती. मग हसता हसता म्हणाली, "त्यांनी निदान साडी नेसली गं. तू तर मलाच लपवलंस."

तेव्हापासून त्या पिक्चरला मला जरा थांबून हसू येतं. तो पिक्चर वाईट आहे असं मी म्हणत नाही. अशोक सराफांचं टायमिंग आजही तोडीस तोड कोणाला जमत नाही. माझं म्हणणं एवढंच की त्यात खोली नाकारली जाते ती लग्न नाही म्हणून. हे कारण विनोदाला चालतं, कारण ते उद्या मिटू शकतं. ही पोरं शेवटी माफ होतात, लीलाबाईही निवळतात. माने आडनावाच्या जागी दुसरं आडनाव घातलं असतं तर लेखकाला शेवट काय लिहिता आला असता? खोटं बोलून घर मिळवण्याची गोष्ट पुण्यात आपल्याइतकी कोणाला माहीत आहे? तरी ती गोष्ट आपण अजून विनोदी करून सांगितलेली नाही. आपल्याकडे तिची कविता होते, आत्मकथन होतं, निवेदन होतं. पिक्चर होत नाही, आणि विनोदी तर नाहीच.

‘सैराट’बद्दल खूप लिहून झालं आहे, मी थोडंच लिहिते. तो २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याच्या बरोबर दोन वर्षं एक दिवस आधी, २८ एप्रिल २०१४ ला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी मुलाला मारून टाकलं होतं. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी सुटले. आमच्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर ‘झिंगाट’ वाजतं, पोरं बेभान नाचतात. नाचू देत. मला खटकतं ते हे की आर्चीची बुलेट आणि ट्रॅक्टर सगळ्यांना आठवतो, शेवटची दहा मिनिटं कोणालाच नको असतात. हिंदीवाल्यांनी ‘धडक’ करताना गोष्ट उदयपूरला नेली आणि जात जवळजवळ पुसून टाकली, म्हणून आपण त्यांना शिव्या दिल्या. डीजे लावताना आपणही तेच करतो.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ मी २०१४ मध्ये थिएटरला बघितला तेव्हा डुक्कर पकडायच्या प्रसंगाला माझ्या मागची रांग हसत होती. पडद्यावरचं गावही हसत होतं. कोण कोणाला हसतंय हे त्या रांगेला कळायच्या आत जब्याने दगड मारला. तेवढं शांत थिएटर मी पुन्हा अनुभवलं नाही. श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’च्या (१९७४) शेवटीही एक पोरगं दगड मारतं. तो दगड जमीनदाराच्या काचेवर बसतो आणि आपण थिएटरमधले सुरक्षित राहतो. चाळीस वर्षांनी दगड आपल्याकडे आला.

आता थोडं आपल्यातल्यांना न आवडणारं. ‘काला’ (२०१८) मी दोनदा बघितला. पा. रंजित यांनी धारावीतल्या रजनीकांतच्या जीपला १९५६ नंबर दिला, शेवटी काळा, लाल आणि निळा रंग उधळला, शिट्ट्या मीही मारल्या. पण त्यानंतर आमच्या ग्रुपवर पिक्चर मोजायची पद्धतच बदलली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला का? दिसला, मग पिक्चर आपला. नाही दिसला, मग मनुवादी. फोटो लावणं आता कोणालाही परवडतं. ‘आर्टिकल १५’मध्ये संविधानाचं कलम भिंतीवर लागतं, आणि गावातल्या दलित मुलींना न्याय मिळवून द्यायला ब्राह्मण आयपीएस अधिकारीच लागतो. फोटो मोजण्यापेक्षा, शेवटचा निर्णय पिक्चरमध्ये कोण घेतं ते बघा.

या मापाने पोरांना सर्वात कंटाळवाणा वाटणारा ‘कोर्ट’ मला सर्वात जवळचा. चैतन्य ताम्हाणे यांचा. वीरा साथीदारांनी केलेला लोकशाहीर नारायण कांबळे फार बोलत नाही, बोलतात ते वकील, न्यायाधीश आणि तारखा. दाखवायला गेले तर अर्धी पोरं मोबाईलमध्ये. पण वस्तीतल्या एका पोराच्या केससाठी शिवाजीनगर कोर्टात मी अकरा फेऱ्या मारल्या आहेत. तिथलं बाकडं, पंख्याचा आवाज, साहेब रजेवर असल्याचं दुपारी तीन वाजता कळणं, हे सगळं जसंच्या तसं त्या पिक्चरमध्ये आहे. वीरा साथीदार आपल्याच चळवळीतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. त्यांना आपण ‘अॅक्टर’ म्हणून किती ओळखलं हा प्रश्न आहेच.

‘बाईपण भारी देवा’ला मी बचत गटाच्या चौदा बायकांना घेऊन गेले होते. त्यावर एका कार्यकर्त्याने मला ऐकवलं, मंगळागौर आपला सण आहे का? नाही. आमच्यातल्या एकीनेही कधी मंगळागौर जागवली नाही. पण पन्नाशीच्या बाईचं घरात कोणी ऐकत नाही, हे बघून त्या रडल्या. त्यांच्या रडण्याला सणाचं नाव विचारायला मी जाणार नाही. त्या बायका आपल्या भाषेतला पिक्चर बघायला आयुष्यात पहिल्यांदा एसी थिएटरला गेल्या, यातला दोष त्यांचा की आपला?

‘फुले’चं मात्र दुखणं ताजं आहे. ११ एप्रिल २०२५ ला येणार होता, वाद झाला, २५ एप्रिलला आला. सेन्सॉर बोर्डाने जातींची नावं आणि ‘पेशवाई’सारखे शब्द काढायला, बदलायला लावले. १९५४ मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला तेव्हा त्याचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता आणि त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. सत्तर वर्षांनी जोतिरावांच्याच पुण्यात, त्यांची शेती होती त्या मांजरीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मॉलमध्ये, मी त्यांची गोष्ट शब्द गाळलेली ऐकली.

शो संपल्यावर दाराशी झाडू घेऊन उभी असलेली बाई आमच्याच वस्तीतली निघाली. म्हणाली, "ताई, मला सगळ्या पिक्चरचे शेवट पाठ आहेत, सुरुवात एकाची माहीत नाही." सफाईला पाच मिनिटं आधी आत जाऊन उभं राहायला लागतं ना. मी तिला ‘फुले’ची सुरुवात सांगायला लागले, तेवढ्यात सुपरवायझरने हाक मारली.

तर अभ्यासवर्गात ठरलं आहे की महिन्यातून एका रविवारी विहारात पिक्चर बघायचा, त्यावर भांडायचं. पोरांनी पहिला म्हणून ‘काला’ सुचवला होता. मी ‘बनवाबनवी’वर अडून बसले. त्या दिवशी आईलाही आणणार आहे, आणि अकरा महिन्यांची गोष्ट पोरांना तिच्यासमोरच सांगणार आहे. लॅपटॉप आहे. प्रोजेक्टर नाही. हडपसर, मुंढवा, फुरसुंगी भागात कोणाकडे असेल तर कळवा, रिक्षाचं भाडं आम्ही देऊ.

जय भीम.