फुकटची हवा

पेट्रोल इंजिनाला खरी भूक असते ती हवेची. पेट्रोलचं काय, जेट मोठा बसवला की हवं तेवढं ओतता येतं. पण एक किलो पेट्रोल नीट जळायचं तर पावणेपंधरा किलोंच्या आसपास हवा लागते, आणि ती सिलिंडरात न्यायला कुणी हमाल नसतो. पिस्टन खाली उतरतो, वर पोकळी तयार होते आणि बाहेरचं वातावरण स्वतःच्या वजनानं आत शिरतं. समुद्रसपाटीला दर चौरस इंचावर १४.७ पौंड एवढा त्याचा दाब. हा धक्का सगळ्या जगाला सारखा आणि फुकट मिळतो. त्यापेक्षा जास्त हवा हवी असेल तर मात्र ती दाबून भरावी लागते, आणि खर्च सुरू होतो तो तिथून.

मिशिगनमध्ये आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजात हा खर्च दोन हिवाळे चालू होता. ते साचे बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हाताला इंचाचा हजारावा भाग कळणारे गृहस्थ. लेक सेंट क्लेअर आमच्यापासून जवळ आहे. उथळ, रुंद सरोवर. सरासरी खोली तीन-साडेतीन मीटर, आणि मोठी मालवाहू जहाजं जातात ती मधून खणून काढलेल्या वाटेनं. त्या काठावर ऐंशीच्या दशकातली एक चोवीस फुटी फायबरग्लासची पॉवरबोट त्यांना जवळजवळ भंगाराच्या भावात मिळाली. ती स्वस्त का मिळाली, यातच पुढची सगळी गोष्ट आहे. अशा बहुतेक बोटींच्या इंजिनांना रेडिएटर नसतो. सरोवराचंच पाणी ओढायचं, ब्लॉकमधून फिरवायचं आणि धुराबरोबर मागे सोडून द्यायचं. थंडी पडण्याआधी ते पाणी ब्लॉकमधून काढून टाकावं लागतं. आधीच्या मालकाकडून एका साली ते राहिलं. पाण्याचा बर्फ झाला, बर्फ फुगला, आणि ओतीव लोखंडाला उभी भेग गेली. मिशिगनमध्ये दर वसंतात अशा बोटी विकायला निघतात. इंजिन गेलेली बोट म्हणजे नुसतं कवच, आणि कवचाला भाव नसतो.

नवं इंजिन तर घ्यायचंच आहे, मग थोडं जास्त दमाचं का नको? हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरचं खूळ माणसाच्या डोक्यात शिरतं ते या इतक्या सरळ प्रश्नातून.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला गॅरेजातला तो पसारा परका वाटत नाही. कटिंग ऑइलचा वास तोच, चिंध्या त्याच, टिनाच्या डब्यात रॉकेलसारख्या कशात तरी भिजत पडलेले बोल्टही तेच. मी तिथे हातोडी धरायला आणि दिवा दाखवायला जाऊ लागलो आणि हळूहळू सुपरचार्जरची कुळकथा ऐकत गेलो. कूळ मोठं आहे. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणी चालवणारं पाणचक्र सुधारायला निघालेल्या या दोघांच्या हाती लागला हवा फेकणारा पंप. १८६० साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. एका पेटीत दोन पाळीदार दांडे उलटसुलट फिरतात. एकमेकांना खेटून जातात, पण शिवत मात्र नाहीत. पेटीच्या भिंतीलगत सापडलेली हवा ते पलीकडे ढकलतात. लोहाराच्या भात्याचं काम हा पंप करू लागला. ओतकामाच्या भट्ट्यांना त्यानं वारा घातला, खाणींत हवा खेळवली. आजही पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाकीत जी हवा सोडतात, ती बहुधा याच जातीच्या ब्लोअरनं. रहिवासी त्याच्या घरघरीबद्दल सभेत तक्रार करतात. तीच घरघर ऐकायला इथली माणसं हजारो डॉलर खर्च करतात.

भट्टीचा वारा इंजिनाच्या डोक्यावर येऊन बसला तो डिझेलच्या वाटेनं. जनरल मोटर्सनं १९३८ साली ‘७१’ मालिकेतली टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं काढली. दर सिलिंडर ७१ घनइंच, म्हणून ते नाव. सहा सिलिंडरचं ते ‘६-७१’. टू-स्ट्रोक डिझेलला हवा ओढून घेण्याचा वेगळा फेरा नसतो, त्यामुळे बाहेरून कुणीतरी हवा ढकलल्याशिवाय जळका धूर सिलिंडरातून निघतच नाही. म्हणून प्रत्येक इंजिनाला रूट्सचा ब्लोअर जोडलेला असे. ही इंजिनं ट्रकात गेली, शहरातल्या बसमध्ये गेली, आणि दुसऱ्या महायुद्धात न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्सनं बनवलेल्या, सैनिकांना थेट वाळूवर उतरवणाऱ्या छत्तीस फुटी होड्यांतही गेली. युद्ध संपलं. शिलकी मालाचे ढीग लागले. घरच्या गॅरेजात गाड्या पळवायला बसलेल्या पोरांनी त्यातले ब्लोअर उचलून आपल्या व्ही-८ इंजिनांवर ठोकले.

तेव्हा पाण्यावरचा ब्लोअर ही चैन नाही, ती पहिल्यापासून मोडीतली वस्तू आहे. १९५० साली सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर ‘स्लो-मो-शन ४’ नावाच्या बोटीनं ताशी १६० मैलांचा विक्रम केला, तोही लढाऊ विमानांसाठी बनलेल्या अ‍ॅलिसन इंजिनावर. आमच्याच भागात सेंट क्लेअर नदीवर गार वूडनं १९३२ साली ‘मिस अमेरिका १०’ ताशी १२४.८६ मैलांनी पळवली. तिच्यात सुपरचार्जर लावलेली चार पॅकार्ड इंजिनं होती. मात्र गार वूडचं उदाहरण बजेटवाल्यांनी देऊ नये; ट्रकचा हौदा उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रावर त्यानं आधीच रग्गड पैसा कमावला होता.

आमच्या शेजाऱ्यांनी इंजिन उचललं ते जंकयार्डातल्या एका मोटरहोममधून. शेव्हरलेचं ४५४, म्हणजे ७.४ लिटर. अंगापिंडानं बोटीतल्या फुटक्या इंजिनाचं सख्खं भावंड. ब्लोअर मिळाला जुन्या बाजारात, एका म्हाताऱ्या बसच्या वंशातला. ब्लोअर टेबलावर आला तेव्हा मला वाटलं, झालं की काम. ते हसले. ब्लोअर हाच या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग निघाला.

कारण बोटीचं इंजिन कधी विसावत नाही. मोटारगाडी खंबाटकी चढताना दहा मिनिटं दम काढते, मग उतार येतो, सिग्नल येतो, सपाट रस्त्यावर वीस-तीस अश्वशक्तीत ती मजेत चालते. बोटीला उतार नाही. पाण्यावर उठून धावायचं तर इंजिनानं तासन्‌तास जोर लावायचा, आणि हात ढिला केला की ती बसलीच खाली. गाडीत अर्धा मिनिट टिकलेली उसनवारी इथे उघडी पडते. त्यामुळे त्यांनी पैसे लावले ते कुणाला दिसणार नाहीत अशा जागी. ब्लॉकला आधी चुंबकी पावडर मारून केसाएवढ्या भेगा तपासल्या. बोअर तीस हजारांश इंच वाढवलं. पिस्टन घडीव घेतले, माथा खोलगट, म्हणजे दाबगुणोत्तर आठाच्या आसपास उतरलं. हवा बाहेरूनच दाबून येणार असेल तर आतली दाबणी कमी करावी लागते, नाहीतर पेट्रोल ठिणगीची ज्वाला पोचायची वाट न बघता आपल्या मनानं पेटतं. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. गाडीत ते ऐकू येतं, बोटीत ब्लोअरच्या आणि पाण्याच्या आवाजात बुडून जातं. कळतं तेव्हा पिस्टनला भोक पडलेलं असतं.

मला सगळ्यात आवडलेलं काम रिंगांचं. पिस्टनच्या रिंगेला एके ठिकाणी चीर असते आणि सिलिंडरात बसवल्यावर तिची दोन टोकं किती अंतरावर राहतात ते पाहतात. साध्या इंजिनात अर्धा मिलिमीटर पुरतो. ब्लोअरच्या इंजिनात उष्णता जास्त, रिंग जास्त पसरते, म्हणून फट दीडेक दशांश वाढवायची. तेवढी ठेवली नाही तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला जागा उरत नाही आणि ती पिस्टनचा काठच उपटून काढते. आठ सिलिंडर, सोळा रिंगा, एकेक कानसून मोजायची. ह्या कामाला डॉलर लागत नाही, फक्त संध्याकाळी लागतात. बजेटचं इंजिन म्हणतात ते माझ्या मते यालाच: दुकानात द्यायचे पैसे आपल्या मनगटातून वळते करणं.

काही जागी मात्र मनगट चालत नाही, तिथे नोटाच मोजाव्या लागतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्यांनी विमानाच्या इंजिनात शोभेल अशा निकेलयुक्त मिश्रधातूचे घेतले. कॅमशाफ्ट बोटीसाठी घासलेला. बोटीचा धूर पाण्यात भिजून बाहेर पडतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकदम जास्त वेळ उघडे राहिले तर संथ गतीला तेच पाणी उलट सिलिंडरात ओढलं जातं. सगळ्यात कडक हिशोब ठिणगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गाडीखालून ती उडून जाते, बोटीच्या पोटात साचून राहते. म्हणून बोटीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर बंदिस्त असतात. कार्ब्युरेटर भरून वाहिला तरी पेट्रोल बाहेर न सांडता त्याच्याच घशात पडतं. वर ज्वाला अडवणारी जाळी लागते, आणि चालू करण्याआधी पोटातली हवा पंख्यानं चार मिनिटं बाहेर काढावी लागते. भंगारातून काढलेला गाडीचा स्टार्टर निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, बसतोही नीट. हा माणूस जुन्या गॅस्केटची तांब्याची वर्तुळंसुद्धा जपून ठेवणारा, पण तो स्टार्टर त्यांनी हातात घेतला नाही.

पुलीचं गणित त्यांनी फळ्यावर खडूनं मांडलं होतं. त्यांचं इंजिन एका फेऱ्यात सव्वादोनशेहून थोडी जास्त घनइंच हवा घेतं, ६-७१ ब्लोअर एका फेऱ्यात चारशेच्या वर देतो. बरोबरीनं फिरवला तर हवा फार होईल, म्हणून वरची पुली मोठी लावून ब्लोअर सावकाश चालवायचा. लक्ष्य पाच पौंडांचं. चौदा-पंधराच्या नैसर्गिक दाबावर पाच म्हणजे कागदावर तिसरा हिस्सा जादा हवा. पण कागदावरच. ब्लोअर फिरवायलाही इंजिनाचीच ताकद जाते, आणि रूट्सच्या दाबणीत हवा चाळीसेक अंशांनी तापते, तापली की विरळ होते. इथे सरोवर मदतीला येतं. ब्लोअरखाली एक छोटा रेडिएटर ठेवून त्यातून सरोवराचं थंड पाणी फिरवलं की हवा निवते. गाडीवाल्याला हे सुख नाही. शिवाय पाणी गोडं. समुद्रातलं असतं तर त्या नळ्या खाऱ्यानं केव्हाच खाल्ल्या असत्या.

एवढं करून वाढणार किती? जॉर्ज क्राउच नावाच्या नौकारचनाकारानं (१९२४चा गोल्ड कप जिंकणारी ‘बेबी बूटलेगर’ त्याचीच) मागे एक साधं सूत्र घालून दिलं. अशा बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ताकद तीस टक्के वाढली तर वेग चौदा टक्के. पन्नास मैलांची बोट सत्तावन्नवर जाणार. सात मैल! मी ते वर्गमूळ मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा ते टॉर्क रेंच पुसत होते. “ठाऊक आहे,” एवढंच म्हणाले.

मला या उत्तराचा राग यायला हवा होता. सात मैलांसाठी दोन हिवाळे, आणि पूर्ण जोरात ताशी सव्वाशे लिटरच्या घरात पेट्रोल. पण सात मैलांसाठी कुणी इंजिन बांधत नाही, हे तोपर्यंत मलाही दिसू लागलं होतं. गाठाळलेल्या त्या बोटांना रिंगेतला दशांश अजून कळतो की नाही, याची ही तपासणी होती. वेग हे तिचं प्रगतिपुस्तक.

जून महिन्यात बोट पाण्यात उतरली. त्याआधी मागच्या फळीवर त्यांनी हातोडीनं इंचाइंचानं टकटक करून पाहिलं होतं. फायबरग्लासच्या आत प्लायवुड असतं, कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. स्टर्न ड्राइव्हच्या भोकाखाली एका बाजूला तो बद्द आलाच. तेवढं लाकूड कापून नवं भरलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. घरघरीवर एक बारीक शीळ चढत गेली आणि बोटीचं नाक वर उठून पुन्हा आडवं झालं. सत्तावन्न नाही, छप्पन्न. बोट ढकलणारा पंखा जुन्याच ताकदीच्या मापाचा, त्यामुळे इंजिन हवं त्याहून जास्त फेरे घेत होतं. जास्त पिचचा जुना पंखा शोधणं आलं.

शरद ऋतूत त्यांनी स्टर्न ड्राइव्हचं ऑइल काढलं. इंजिनाची ताकद त्या पेटीत दोनदा काटकोनात वळते, आडवी येते, उभी उतरते, पुन्हा आडवी होते, आणि तिचे दात जुन्याच हिशोबाचे आहेत. झाकणाच्या चुंबकावर राखाडी बुकणी चिकटली होती. त्यांनी ती अंगठ्यावर घेऊन उजेडात धरली, चोळली, तुकडे नाहीत याची खात्री केली आणि पॅंटला पुसली.

“अजून चालेल,” ते म्हणाले.

“आहे एवढ्या ताकदीला ना?” मी विचारलं.

त्यांनी कपाट उघडलं. पिशवीत गुंडाळलेली एक पुली होती, वरचीच, पण आताच्या पुलीपेक्षा दोन दात कमी.

“त्या ब्लोअरबरोबर फुकट आली होती,” ते म्हणाले.