पॉलिबानची चढण

झुरिच शहरातील सेंट्राल चौकातून एक लहानसा लाल डबा तीन मिनिटांच्या आत आपणांस टेकडीवर नेऊन सोडतो. १८८९ पासून चालणारी ही पॉलिबान. नावातील ‘पॉली’ म्हणजे पॉलिटेक्निक. १८५५ साली सुरू झालेल्या स्विस संघराज्याच्या तांत्रिक विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या ईटीएचचे, हे जुने नाव लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे.

ऑक्टोबर महिना होता आणि सोबत माझी भाची होती. ती लहानाची मोठी तेथेच झाली. बोलते मराठी, पण हिशेब जर्मनमध्ये करते. ऑगस्टमध्ये झालेल्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ती अनुत्तीर्ण झाली होती. घरात तो विषय कोणी काढीत नसे. मीही काढला नाही.

वर गच्चीसारखे प्रशस्त प्रांगण आहे. खाली लिमाट नदी, ग्रोसम्युन्स्टर चर्चचे जुळे मनोरे, पलीकडे सरोवर. पाठीमागे गॉटफ्रीड झेम्परने योजिलेली मुख्य इमारत. तिचा घुमट मात्र विसाव्या शतकातला. आइन्स्टाइन विद्यार्थी असताना तो नव्हता.

येथील प्रवेशाची रीत मला नवलाची वाटली. स्विस शाळेचे माटुरा प्रमाणपत्र असेल, तर प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. खरी चाळणी वर्षभराने लागते, आणि त्या परीक्षेत अपयश आले तर ती आणखी एकदाच देता येते. आपल्याकडे मुले दाराबाहेर गाळली जातात, येथे दाराच्या आत. कोणती रीत अधिक दयाळू, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

ज्यांच्यापाशी हे प्रमाणपत्र नव्हते, त्यांनाही या संस्थेने पूर्वी वाट दिली. क्ष-किरणांचा शोध लावणारा रोंटगेन शालान्त प्रमाणपत्राविना येथे आला आणि १८६८ मध्ये यंत्र अभियंता होऊन बाहेर पडला. १८९५ मध्ये सोळा वर्षांचा आइन्स्टाइन प्रवेश परीक्षेत नापास झाला. गणित व भौतिकशास्त्र उत्तम, इतर विषय कच्चे. त्याला आराऊच्या शाळेत वर्षभर शिकून येण्याचा सल्ला मिळाला. तो गेला, शिकला आणि १८९६ मध्ये परत आला. पुढे तासांना तो फारसा बसत नसे; मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या नेटक्या वह्यांवर त्याने परीक्षा निभावल्या. १९०० मध्ये पदवी मिळाली, पण बरोबरीच्या उत्तीर्ण मित्रांना मिळाली तशी साहाय्यकाची जागा त्याला मिळाली नाही. बर्नच्या पेटंट कार्यालयातील नोकरीही ग्रोसमानच्या वडिलांच्या शब्दामुळे लाभली. १९१२ मध्ये तो येथेच प्राध्यापक म्हणून आला, तेव्हा सापेक्षतेसाठी लागणारे नवे गणित दाखविणाराही पुन्हा ग्रोसमानच!

हे सारे मी मोठ्या उत्साहाने भाचीला सांगत होते. हेतू तिच्याही ध्यानात आला असावा.

“मावशी, नापास झालं की सगळे मला आइन्स्टाइनच सांगतात,” ती म्हणाली. “त्याच्या वर्गातल्या मिलेव्हाचं नाव कोणी काढत नाही.”

मी गप्प झाले. मिलेव्हा मारिच ही त्या तुकडीतील एकमेव मुलगी. १९०० च्या अंतिम परीक्षेत ती अनुत्तीर्ण झाली. १९०१ मध्ये पुन्हा बसली, तेव्हा ती गरोदर होती. विवाह झालेला नव्हता. दुसऱ्यांदाही अपयश आले आणि शिक्षण तेथेच संपले. १९०३ मध्ये तिचा आइन्स्टाइनशी विवाह झाला, १९१९ मध्ये घटस्फोट. नोबेल पारितोषिकाची रक्कम करारानुसार तिला मिळाली.

“तिचं घर जवळच आहे. बघायचं?”

हुटेनस्ट्रासे ही त्याच टेकडीवरची शांत वाट. त्या रकमेतून घेतलेल्या घरांपैकी एक तेथे आहे. आजारी धाकट्या मुलाचा सांभाळ करीत मिलेव्हाने उरलेले आयुष्य झुरिचमध्येच काढले. १९४८ मध्ये ती वारली. ज्या संस्थेची पदवी मिळाली नाही, ती पायी काही मिनिटांच्या अंतरावर होती.

घरासमोर आम्ही बराच वेळ उभ्या होतो.

“तुझी परीक्षा कधी?” मी प्रथमच विचारले.

“फेब्रुवारीत. या वेळी कुणाच्या वह्या घेणार नाही. मागच्या वेळी घेतल्या होत्या.”

तिने घड्याळ पाहिले. येथील तास सव्वाच्या ठोक्याला सुरू होतात आणि दोन वाजून गेले होते. ती झपाझप विद्यापीठाकडे निघाली. मी पॉलिबानची वाट न धरता पायऱ्यांनी खाली उतरले.