भूकंपाच्या तळ्यावर चढणीचे मासे

चढणीचे मासे तुम्ही पाहिले असतील. मृगाचा पहिला दणकट पाऊस झाला, ओढे लाल पाण्यानं भरून वाहू लागले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट थेट शेताच्या बांधापर्यंत येतात. येतात अंडी घालायला, आणि आपण कंदील-बत्ती घेऊन त्यांची वाट अडवून बसतो. आमच्या ओढ्याला माझ्या लहानपणी घमेली भरभरून मासे यायचे. आता कालवणापुरतेही मिळत नाहीत. हे सारं मला आठवलं ते दूर अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या रीलफूट नावाच्या तळ्यावर.

पुतण्या मेम्फिस शहरात नोकरीला आहे. मार्चअखेर त्याच्याकडं गेलो होतो. म्हणाला, "काका, इमारती काय बघायच्या? चला, तुम्हाला तळं दाखवतो." उत्तरेला गाडीनं दोन-अडीच तासांची वाट. दोन्ही अंगांना मिसिसिपी नदीच्या गाळाची सपाट जमीन. कापूस, सोयाबीन, मका ही तिथली पिकं. एकेक शेत असं, की आपल्या गावाचं सगळं शिवार त्यात बसावं.

कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपण विसरलेलो नाही. या मुलखात १८११ च्या डिसेंबरपासून १८१२ च्या फेब्रुवारीपर्यंत तसेच मोठे धक्के बसले. जमीन खचली, मिसिसिपीचं पाणी काही वेळ उलटं वाहिलं, आणि खचलेल्या भागात पाणी साचून हे तळं झालं. उभं जंगल त्यात बुडालं. त्या झाडांचे बुंधे दोनशे वर्षांनंतरही पाण्याखाली तसेच आहेत. तळं हजारो एकरांचं, पण खोली सरासरी पाच-सहा फूटच. काठाला सायप्रसची झाडं गुडघाभर पाण्यात उभी. सुरूसारखी बारीक पानं असलेलं हे झाड हिवाळ्यात मात्र पानं गाळतं. आम्ही गेलो तेव्हा त्याला नुकती पालवी फुटत होती.

बुंध्यांमुळं इथली नावही वेगळी. दोन्ही टोकं निमुळती, आणि वल्ही अशी जोडलेली, की वल्हवणाऱ्याचं तोंड पुढच्या दिशेला राहावं. बुंधा वेळेवर दिसला नाही तर नाव अडकलीच म्हणून समजा!

आम्हाला नेणारा म्हातारा सत्तरी ओलांडलेला होता. त्याला पकडायचा होता तो क्रॅपी मासा. चपटा, चंदेरी, अंगावर काळे ठिपके. उजनीची चिलापी तुमच्या ओळखीची असेल, तर साधारण तसल्या घाटाचा समजा. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही गळ टाकून दुपारपर्यंत बसलो. एक मासा लागेल तर शपथ! रात्री उत्तरेचं थंड वारं सुटलं होतं. म्हाताऱ्यानं पाण्यात उष्णतामापक बुडवला आणि मान हलवली. पाणी ११ अंशांवर होतं. त्याचं म्हणणं पुतण्यानं मला मराठीत सांगितलं : मासा पळालेला नाही, खोल बुंध्यांपाशी अंग आखडून बसलाय. दोन दिवस ऊन पडू द्या.

दोन दिवस आम्ही काठावरच काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं नाव थेट उत्तरेच्या काठाला नेली. का, ते ऐका. त्या देशात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, म्हणून उत्तरेच्या काठावर ते जास्त वेळ टिकतं, आणि उत्तरेचं वारंही तिथं लागत नाही. त्यातून पाणी उथळ, तळ काळ्या गाळाचा. तो लवकर तापतो. तिथं पारा १६ अंशांवर होता. हीच त्या माशाची अंडी घालायची वेळ. नर आधी येतो, तळाला शेपटीनं जागा झाडून काढतो, त्याचा रंग काळपट होतो. मादी अंडी घालून खोल पाण्यात निघून जाते. मागं नर राखण करत थांबतो. पिल्लं बाहेर पडायला थोडेच दिवस लागतात, पण तेवढे दिवस तो हलत नाही.

काठ्या दहा-बारा फुटांच्या, म्हणजे नाव लांब ठेवूनही गळ बुंध्याच्या अगदी मुळाशी सोडता येतो. गळाला जिवंत बारका मासा, वर तरंगायला बुचाचा तुकडा, दोरा जेमतेम दोन फूट पाण्यात. या माशाची नजर वरच्या बाजूला असते. आमिष त्याच्या डोक्यावर हवं. खाली गेलं तर त्याला दिसायचंच नाही. माझं बूच हललं आणि मी आपल्या सवयीनं हिसका दिला. नुसता गळ वर आला. या माशाचं तोंड कागदासारखं पातळ, हिसक्यानं फाटतं. अलगद वर आणायचा आणि खालून दांड्याची जाळी धरायची. दुसरा मासा मी तसा घेतला, तेव्हा म्हातारा हसला.

तासाभरात दहा-बारा झाले. मी आणखी टाकायला निघालो, तर त्यानं काठ्या गुंडाळल्या. परवाना आमच्याकडं होता. माणशी दिवसाला किती मासे न्यायचे तो सरकारी आकडा अजून लांब होता. पण आज चौघांच्या जेवणाला एवढे पुरेत, असं त्याचं म्हणणं. पोटात अंडी असलेल्या दोन माद्या त्यानं आधीच पाण्यात सोडल्या होत्या. तिथं सगळेच असं करतात असं मात्र नाही. पलीकडच्या नावेत डबा भरत होता, तोही कायद्यात राहून.

हे तळं लोकांकडं राहिलं, त्यामागं मोठी भानगड आहे. एका जमीन कंपनीनं सगळ्या तळ्यावर हक्क सांगितला. पिढ्यान् पिढ्या मासे धरणारे आणि काठचे शेतकरी भडकले. तोंडं झाकून रात्री जाळपोळ करू लागले. १९ ऑक्टोबर १९०८ च्या रात्री त्यांनी कंपनीच्या दोन वकिलांना धरून नेलं. एकाला फासावर लटकावलं, दुसरा पाण्यात उडी टाकून वाचला. गव्हर्नरनं सैन्य आणलं, खटले झाले, फाशीच्या शिक्षा झाल्या आणि वरच्या कोर्टात त्या रद्दही झाल्या. खून तो खूनच, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण पुढं तळं राज्य सरकारनं ताब्यात घेतलं, म्हणून आज परवाना काढून कुणालाही तिथं गळ टाकता येतो. गावतळ्याचा ठेका कुणाला द्यायचा यावरून आपल्याकडं होणारी भांडणं आठवा, म्हणजे त्या लोकांचा राग थोडा समजेल.

संध्याकाळी म्हाताऱ्याच्या घरी मासे मक्याच्या पिठात घोळवून तळले. सूनबाईनं डब्यातून हळद-तिखट नेलं होतं, ते तिनं अर्ध्या पिठात मिसळलं. म्हाताऱ्यानं आपल्या बाजूचे सोडून तेच आधी संपवले. मग त्यानं मला विचारलं, तुमच्याकडं मासे अंडी घालायला कधी चढतात? मी म्हटलं, जूनमध्ये, पहिल्या पावसाला. तेव्हा तुम्ही काय करता, हे त्यानं विचारलं, तेव्हा मी पुतण्याकडं पाहिलं आणि ताटातला काटा काढत बसलो.