एका यंत्राचा जमाखर्च

श्रावणातल्या एका सोमवारी, ज्या घरात महिनाभर चुलीला मासळीचा स्पर्श होत नाही अशा आमच्या मालवणातील घरात, ऐन दुपारी बांगडा करपल्याचा वास सुटला, आणि पत्नीने प्रथम शेजाऱ्यांवर व नंतर माझ्यावर संशयाची नजर टाकली. शेजारी निर्दोष होते. वास माझ्या टेबलाखालून येत होता. विजेच्या येण्याजाण्यात संगणकाच्या एसएमपीएसने, म्हणजे घरातील विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टांचे वाटे करून इतर भागांना पोचविणाऱ्या त्या पत्र्याच्या पेटीने, अखेरचा श्वास घेतला होता. तापून जळणारी काही प्लॅस्टिके आणि राळा मासळीसारखा वास सोडतात. अन्यत्र ही धोक्याची सूचना समजतात, मालवणात तिची दखल घ्यायला श्रावणच असावा लागतो.

पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, आता हे टाकून द्या." या वाक्याचा मला फार जुना राग आहे. ते उच्चारणारी माणसे वाईट नसतात, बहुधा मदतीच्याच हेतूने बोलतात. परंतु 'टाकणे' या क्रियेसाठी जी निश्चिंत मिळकत लागते ती सर्वांपाशी असते, असे ही माणसे गृहीत धरतात.

हे यंत्र २००८ साली असेंबल करून घेतले तेव्हा त्यात १ जीबी डीडीआर-टू रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि उचलायला दोन माणसे लागावीत असा काचेचा मॉनिटर होता. आज त्यांतला फक्त कॅबिनेटचा पत्रा शिल्लक आहे. मधल्या काळात जे बदलले ते आमच्या मिळकतीच्या पंचांगानुसार बदलले. पैसा हाती येई तो चैत्र-वैशाखात, काजू-बी विकल्यावर. वस्तू हाती येई ती भाद्रपदात, गणपतीसाठी मुंबईहून निघालेला चुलतभाऊ मुलांचे कपडे आणि आरतीची झांज यांच्यामध्ये ती जपून ठेवून कोकणकन्येने कुडाळला उतरे तेव्हा. तो ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारातून आणी. १९०३ ते १९०७ या काळातल्या लॅमिंग्टन नावाच्या गव्हर्नराचे नाव काढून रस्त्याला डॉ. भडकमकरांचे नाव दिल्याला कैक वर्षे लोटली, पण रॅम घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडून ते मी अद्याप ऐकलेले नाही. वैशाख आणि भाद्रपद यांच्या दरम्यान भाव हलत, आणि कधी कधी ठरविलेली वस्तू बाजारातून नाहीशीही होई.

वडिलांनी, अण्णांनी, या सगळ्याचा हिशेब एका वहीत ठेवला होता. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेल्या त्या माणसाने संगणकाला आयुष्यात कधी हात लावला नाही, एका संध्याकाळचा अपवाद सोडून. परंतु जमेच्या बाजूस काजू-बी आणि नावेच्या बाजूस 'स्मृतिपट्टी, नग १' ही नोंद त्यांनी पूर्ण गांभीर्याने केली. त्यामुळे आमच्या घरात भागांना पैशांवरून नावे पडली. काजूची रॅम, सुपारीचा माउस, नारळांचा कीबोर्ड.

ती संध्याकाळ आषाढातली होती. संगणक सुरू होण्याऐवजी लांब शिट्ट्या देत होता, म्हणजे स्मृती सापडत नाही अशी तक्रार करीत होता. मी पट्टी काढून दिव्याशी धरली, तेव्हा तिच्या कडेच्या सोनेरी दातांवर अंधुक पापुद्रा दिसला. अण्णा ओटीवरून आत आले, न बोलता पट्टी हातात घेतली, आणि आपल्या जुन्या कंपासपेटीतून एक खोडरबर काढले. कचेरीच्या दप्तरात शाईच्या नोंदीवर खाडाखोड करण्याची मुभा नसते. चूक झाली तर आडवी रेघ मारून बाजूला सही करायची. हे रबर त्यांनी पेन्सिलीच्या कच्च्या बेरजा पुसण्यापुरते बाळगले होते आणि काटकसरीने वापरल्यामुळे ते निवृत्तीनंतरही उरले होते. त्यांनी दात एका दिशेने, सावकाश घासले. पट्टी बसविली आणि यंत्र बोलू लागले. ही युक्ती त्यांना कोणी सांगितली, हे मी कधी विचारले नाही.

तो पापुद्रा खाऱ्या हवेचा होता, आणि तिच्याशी या किनाऱ्याचे वैर पुरातन आहे. समोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली तेव्हा पायाचे चिरे बसविण्यासाठी शिसे ओतले. त्याच शिशाला युरोपने १ जुलै २००६ पासून विद्युत् उपकरणांच्या सोल्डरमधून कायद्याने जवळजवळ हद्दपार केले, आणि जगभरच्या कारखान्यांनी तो कायदा स्वीकारला. कारण योग्यच आहे, शिसे विषारी असते. तरी बुरूज पाहताना मनात येते की जे महाराजांच्या दुर्गाला चालले ते माझ्या मदरबोर्डाला वर्ज्य झाले.

माझी खरी अढी मात्र एका खाचेविषयी आहे. डीडीआर-टू आणि डीडीआर-थ्री या दोन्ही पट्ट्यांना २४० दात असतात, लांबी तीच, सोनेरी झळाळी तीच. फक्त मधली खाच किंचित सरकलेली असते. पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५, आणि चुकून एकीच्या जागी दुसरी बसून काही जळू नये म्हणून ही तजवीज आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही नवा बोर्ड आला त्या दिवशी अण्णांनी घासून जिवंत केलेली काजूची रॅम त्या काही मिलिमीटरांपायी बेकार ठरली, हे मी त्या खाचेला माफ केलेले नाही. याउलट ज्यांनी १९९५ साली एटीएक्स नावाचा करार करून स्क्रूंच्या भोकांच्या जागा ठरवून दिल्या त्यांच्याविषयी मला कृतज्ञता वाटते. त्यांच्यामुळेच तो जुना पत्रा आजही नव्या बोर्डाला आसरा देतो. गरिबाची सुधारणा पैशापेक्षा अशा वचनांवर अधिक चालते. जुन्याच साटा जोडावर पुढे १२० जीबीची एसएसडी मुकाट्याने चालली, वेग थोडा कमी देऊन, आणि फिरत्या तबकडीपायी रखडणारे यंत्र त्या एका बदलाने जितके तरतरीत झाले तितके कोणत्याही रॅमने झाले नव्हते.

तो नवा बोर्ड म्हणजे वस्तुतः जुनाच, एका कार्यालयाने निर्लेखित करून लिलावात काढलेल्या संचातला, चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसह. 'निर्लेखन' या शब्दापाशी मला नेहमी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवते. आरमारासाठी लाकूड हवे, आंबा-फणस उपयोगी, तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, अशा आशयाचे कलम त्यात आहे. लिलावातल्या बोर्डाचा आणि गलबताच्या फळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. मोल देऊन जीर्ण वस्तू न्यायची आणि तिच्याकडून पुन्हा काम घ्यायचे, इतकाच.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने विजेचे खांब आडवे केले, काजू-नारळ उपटले. त्या वर्षीच्या पानावर यंत्राच्या नावे काहीच नाही, जमाच नव्हती. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा संपला, आणि नव्या आवृत्तीच्या इंटेल प्रोसेसरांच्या यादीत, थोडे अपवाद सोडता, आठवी पिढी व तिच्यापुढचेच मानकरी होते. मी लिनक्स घातले. त्याला पैसे पडत नाहीत, आणि मराठी टंकलेखन त्यात उत्तम होते.

भाच्याचे म्हणणे मात्र यंत्रावर थांबले नाही. काजूची झाडेही अण्णांच्या हातची, गावठी, आता बी बारीक देणारी. तीही सगळी एकदम तोडून वेंगुर्ला-७ ची कलमे लावावीत, बी मोठी मिळेल, असा त्याचा आग्रह. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या कलमांची कीर्ती खरी आहे, आणि त्याचा हिशेब कागदावर बरोबरही होता. पण कलमे घेऊन आलेल्या माणसाने बागेत एक फेरी मारली, तौक्तेने अर्धवट उपटून आडव्या वाढलेल्या एका झाडाच्या बुंध्यावर बसून पान लावले, आणि भाच्याला विचारले, "सगळी एकदम तोडलंस तर धरापर्यंत तीन वर्सा खाशात काय?" मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला की यंदा वरच्या कुंपणाजवळची चारच काढू, त्यांतल्या दोहोंचे खोड चांगले आहे, ते तोडून फुटव्यांवर कलम बांधू, मुळे अण्णांचीच राहतील, बाकीच्यांचे पुढच्या वर्षी पाहू. दर मात्र त्याने गेल्या वर्षीपेक्षा चढा सांगितला, आणि त्यावर आमची घासाघीस अजून चालू आहे.